यशोदाचा व्हिसा

८ फेब्रुवारी १९८३, मंगळवार

वकील म्हणाले, जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवत जा, चौकशीत विचारतील तेव्हा आठवत नाही. म्हणून आजपासून लिहितो. मी जयराम सावळीराम पगारे, टर्नर, आमच्या कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. बोनसच्या भांडणात निलंबित झालो. आरोप दोन. गेटवर घोषणा दिल्या आणि सुपरवायझरला ढकललं. घोषणा दिल्या. ढकललं नाही. आता वाटतं ढकलायला हवं होतं, निदान आरोप खरा तरी झाला असता.

आज चौकशी नव्हती. आज यशोदाचे कागद मुंबईला पाठवले. यशोदा माझी बायको, मस्कतच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. सातपूर कॉलनीत सगळे तिला दुबईवाली म्हणतात. मस्कत वेगळं, दुबई वेगळी, हे सांगून मी थकलो. डिसेंबरात ती रजेवर आली. दवाखान्याने करार वाढवून दिलाय, पण जुना व्हिसा संपला, नवा काढायचा. पासपोर्ट, अर्ज, फोटो, तब्येतीचा दाखला, दवाखान्याचं पत्र, असं सगळं मुंबईत त्यांच्या देशाच्या वकिलातीला रजिस्टर पोस्टाने धाडायचं. ते शिक्का मारून पोस्टानेच परत पाठवतात. एप्रिलअखेर ती तिथे हजर नसली तर जागा दुसरीला देऊ, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. घर सध्या तिच्या पगारावर चालतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज कंपनीला वाटली पाहिजे.

अर्ज तिनेच भरला. अक्षर सुरेख आहे आणि हे काम तिने आधी दोनदा केलंय. मी पाकीट चिकटवलं आणि पोस्टात रांगेत उभा राहिलो. काउंटरवरचा बाबू पेपर वाचत होता. मी म्हटलं, बातमी संपली की आमच्याकडे बघा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. असल्या माणसांचीही युनियन असते!

१९ फेब्रुवारी, शनिवार

पाकीट परत आलं. पासपोर्ट, फोटो, सगळं जसंच्या तसं. वर एक छापील चिठ्ठी: अर्जाच्या दुसऱ्या पानावर अर्जदाराची सही नाही.

एका सहीसाठी सगळं पाकीट परत! एक साधं कार्ड टाकता येत नव्हतं? टेबलामागे बसलेल्या माणसाला समोरच्याचे दिवस फुकट वाटतात, मग तो आमचा पर्सोनेल मॅनेजर असो की वकिलातीतला कारकून. मी एवढ्या मोठ्याने बोललो की मित्रा आत जाऊन आजीच्या मागे बसली. मित्रा म्हणजे संघमित्रा, आमची मुलगी, पाच वर्षांची.

आई म्हणाली, "वकिलाकडंच गेलं होतं ना पाकीट? मंग वकिलानंच करायची की सही."

"आई, माझा वकील वेगळा, ही वकिलात वेगळी."

"तुज्या मागं किती वकील रं बाबा," म्हणून ती भाकरी थापायला बसली.

यशोदा मेथी निवडत होती. "चुकून राहिली हो," एवढंच म्हणाली. ओशाळली असावी, मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र काय सुचलं तिला, मित्रासाठी गुळपोळ्या केल्या. दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी जेवलो नाही. अशा दिवशी गोड घशाखाली उतरत नाही.

२२ फेब्रुवारी

पुन्हा रवाना. दोन्ही पानांवरच्या सह्या मी स्वतः तपासल्या. अर्ज नवा, फोटो तिने लावले. आता काय खोट काढतात बघू.

५ मार्च, शनिवार

खोट काढली. फोटोत डोक्यावर टोपी आहे, चालत नाही.

ती नर्सची टोपी आहे! जिच्या जिवावर तुमचे आजारी लोक बरे होतात तिची टोपी तुम्हाला चालत नाही? मी युनियनच्या ऑफिसात जाऊन टाइपरायटरवर इंग्रजीत निषेधाचं पत्र ठोकलं. श्रमाची खूण, स्त्रीचा अपमान, दोन्ही मुद्दे घातले. खाली हुद्द्यासह सही केली आणि प्रत फायलीला लावली.

घरी येऊन यशोदाला विचारलं, "आधीचे दोन व्हिसे काढलेस तेव्हा कुठले फोटो लावले होतेस?"

"बिनटोपीचे."

"मग ह्या वेळी?"

"हे हाताला लागले."

मी पुढे ताणलं नाही. प्रश्न फोटोचा नाहीच. प्रश्न वृत्तीचा आहे.

९ मार्च, बुधवार

अशोक स्तंभाजवळच्या स्टुडिओत नवे फोटो काढले. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा हसरा चेहरा करा, परदेशी चाललात." यशोदा म्हणाली, "पासपोर्टवर कोणी हसत नाही, दादा." त्याने तीनदा दिवे लावले आणि तिन्ही वेळा तिचे डोळे मिटले. चौथ्यांदा एकदाचा जमला.

येताना तिने कुठून तरी शेवग्याची फांदी मिळवली आणि मागच्या दाराशी खड्डा करून लावली. मी म्हटलं, "शेंगा लागतील तेव्हा तू कुठे असशील?"

"लागू तर देत," म्हणाली.

शिवाय ड्युटीचे पांढरे बूट शेजारच्या लताबाईंच्या मुलीला देऊन टाकले, ती नर्सिंगला लागलीय म्हणून. चांगले होते बूट. तिकडे नवे घेणार असेल. बायकांचा हिशेब आपल्याला कळत नाही.

११ मार्च

तिसऱ्यांदा रवाना. सही आहे, फोटो आहेत, दाखला आहे. मला चौकशीला जायचं होतं म्हणून पाकिटावर पत्ता तिने लिहिला, मी जाता जाता पोस्टात दिलं.

चौकशीत त्यांचा साक्षीदार म्हणाला, ढकलताना पाहिलं. कुठल्या हाताने, विचारलं तर म्हणाला, दोन्ही. माझ्या एका हातात युनियनचा फलक होता!

२४ मार्च, गुरुवार

आज मी केरू पोस्टमनची गचांडी धरली. लिहायला नको, पण लिहितो.

पाकीट परत आणलं त्याने. वर लाल शेरा: पत्ता अपुरा. इतके दिवस माझ्या बायकोचा पासपोर्ट मुंबईच्या पोस्टात ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. मी म्हटलं, एवढी मोठी वकिलात तुमच्या लोकांना सापडत नाही? दारू पिऊन टपाल वाटता काय? आणि हात गेला त्याच्या खाकी कॉलरला.

केरू शांतपणे म्हणाला, "भाऊ, कॉलर सोडा, बटण तुटंल. हे बघा. रस्त्याचं नाव नाय, इमारतीचं नाय, नुसतं वकिलात, मुंबई. एवढ्या मोठ्या मुंबईत कुठं द्यायचं त्यांनी?"

मी पाहिलं. खरंच नव्हतं.

"वहिनींचं अक्षर मी वळखतो," केरू म्हणाला. "तिकडून त्यांची पत्रं यायची तव्हा गल्ली, घर, लताबाईंच्या शेजारी, इथवर लिहिलेलं असायचं. ह्या टायमाला घाई झाली असंल."

घाई नव्हती. सकाळभर ती तेच तर करत होती. पण एखाद्याचं चुकतं म्हणून पोस्टाने हात वर करायचे? डोकं वापरायला यांना पगार मिळत नाही का? केरूची माफी मागितली नाही. उद्या मागेन.

२५ मार्च, शुक्रवार

यशोदा मित्राला घेऊन सायखेड्याला माहेरी गेलीय, सोमवारी येईल. तेवढी वाट बघायला वेळ नाही. शेऱ्याची लाल शाई पाकिटातून आतल्या अर्जावर उतरली होती, म्हणून नवा अर्ज घेऊन बसलो आणि आज सगळं मीच केलं. पत्ता टाइप केला. फोटो चिकटवले. सहीची जागा राहिली. तिची सही सोपी आहे, 'य'ला एक लांब शेपूट. दोन कागद वाया गेले, तिसऱ्यावर जमली. यात गैर काही नाही. घरचं काम आहे, तिच्याच भल्याचं आहे.

पोस्टातल्या बाबूने आज पेपर खाली ठेवून पाकीट घेतलं. माझा चेहरा बघूनच घेतलं असेल.

९ एप्रिल, शनिवार

व्हिसा आला! पासपोर्टात पानभर शिक्का, वर सही, सोबत अर्जाची शिक्का मारलेली प्रत. केरू मला पाकीट देताना दोन हात लांब उभा होता. मी त्याला आत बोलावून चहा पाजला आणि त्या दिवसाचं माफ कर म्हणालो. दोन महिने सगळ्या यंत्रणेशी लढून हे मिळवलंय. सत्तावीसचं तिकीट ट्रॅव्हल एजंटाकडे लगेच सांगून आलो.

यशोदाने पासपोर्ट उघडला नाही. अर्जाची प्रत घेऊन दारातल्या उजेडात उभी राहिली.

"ही सही कोणाची?"

"माझी. म्हणजे तुझीच. तू सायखेड्याला होतीस. तुझी वाट बघत बसलो असतो तर एप्रिल गेला असता."

"तुम्ही युनियनचे सेक्रेटरी. कामगाराला न विचारता त्याच्या नावाने कोणी करारावर सही केली तर त्याला काय म्हणता तुम्ही?"

"हा करार नाही, व्हिसा आहे. आणि तू कामगार नाहीस, माझी बायको आहेस."

ती खाली बसली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"पहिल्या वेळी खरंच विसरले. शप्पथ. दुसऱ्या पानावर सही राहिली ते कळलंसुद्धा नाही. पण पाकीट परत आलं ना, तेव्हा इतकं बरं वाटलं मला. वाटलं, चला, पंधरा दिवस मिळाले. मग दुसऱ्या वेळी टोपीचे फोटो लावले. चालत नाहीत ते मला माहीत होतं. पत्ता पण मीच अर्धा लिहिला."

"का?"

"मला जायचं नाही."

"मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तिकडून चार पत्रांत लिहिलं, मला आता इथे राहवत नाही म्हणून. तुम्ही प्रत्येकाला उत्तर दिलंत. 'धीर धर, संघर्षाचा काळ आहे.' मी पाचवं लिहिलं नाही."

मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि महादेववाडीपर्यंत चालत गेलो.

१० एप्रिल, रविवार

फसवलं. दुसरा शब्द नाही. मी मुंबईला निषेधाची पत्रं पाठवतोय, केरूच्या अंगावर जातोय, पोस्टातल्या बाबूशी भांडतोय, आणि मोडता घालणारी माझ्याच घरात बसून मेथी निवडतेय! वकिलातीतल्या त्या माणसाने माझं पत्र वाचून काय म्हटलं असेल? त्याचं एकदाही चुकलं नव्हतं.

मालकाने कामगारांत फूट पाडली तर समजू शकतो. इथे काय झालं? मी कोणासाठी हे करतो? ती तिकडे पंख्याखाली, स्वच्छ कपड्यात, पगार वेळेवर. मी इथे रोज गेटवर उन्हात उभा राहतो.

तिच्याशी बोलत नाही. तीही माझ्याशी बोलत नाही. मित्रा मधल्यामध्ये निरोप पोचवते. "आई म्हणते ताट वाढलंय." "आईला सांग भूक नाही."

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची जयंती. कॉलनीभर निळे झेंडे, सकाळी वंदना, संध्याकाळी विहाराच्या पटांगणात सभा. मला भाषण ठेवलं होतं. रागात होतो म्हणून की काय, भाषण फार चढलं. म्हणालो, गुलामीची बेडी लोखंडाचीच असते असं नाही, ती पगाराच्या पाकिटातही असते. ज्याला 'नाही' म्हणायचा हक्क नाही तो माणूस नोकर नाही, गुलाम आहे. टाळ्या थांबेनात. मंडळाच्या पोरांनी हार घातला.

बायकांच्या बाजूला पाहिलं. यशोदा पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग मित्राला कडेवर घेऊन उठून गेली. भर सभेत, नवऱ्याच्या गळ्यात हार पडत असताना! चार लोकांनी पाहिलं. घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "तुमचं भाषण पटलं मला. म्हणून उठले." हा टोमणा समजत नाही इतका मी मूर्ख नाही. पण कशाबद्दलचा टोमणा, ते विचार करूनही नीट उमजलं नाही.

१६ एप्रिल, शनिवार

आईला विचारलं, तुला ठाऊक होतं का. आई गहू पाखडत होती.

"कव्हाच ठावं होतं. ती आली त्याच दिशी कळलं. निजंत दचकून उठायची. बूट देऊन टाकले तव्हा तर तुजी पन खात्री व्हायला पायजे होती."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तू ऐकतो का? तू नुसता बोलतो. तुजा बाप बी असाच व्हता. भाशण झकास, घरात कानाला दडा."

"आई, घर कशावर चालणार आहे?"

"ते मला इचारू नको. तिला इचार. ती काय मुकी हाय?"

सगळे मिळून मलाच आरोपी करून बसलेत. कंपनीत एक चौकशी, घरात दुसरी. कंपनीतल्या चौकशीत निदान वकील देतात.

२० एप्रिल, बुधवार

बडतर्फ.

केरूने आणलं, रजिस्टर. सही करून घेतलं आणि उंबऱ्यावर उभ्याउभ्याच वाचलं. दोन्ही आरोप सिद्ध. इतकी वर्षं लेथवर उभा राहिलो, एक तुकडा रिजेक्ट झाला नाही माझा. दोन ओळींत संपवलं. खालची सही त्या मॅनेजरची, जो गेल्या वर्षी माझ्या हातून पाळणाघराची फीत कापून घेत होता. मी कागद चुरगाळला, मग वकिलांना लागेल म्हणून पुन्हा सरळ केला. लेबर कोर्टात जाणार. वकील म्हणाले, दोन वर्षं धरा. दोन वर्षं खायचं काय, ते वकील सांगत नाहीत.

यशोदाने कागद वाचला. आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "तिकीट सत्तावीसचंच आहे ना? मी जाते."

किती दिवसांनी माझ्याशी सरळ बोलली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२२ एप्रिल

तिने ट्रंक काढली. पांढरे ड्रेस धुऊन इस्त्री केले. लताबाईंच्या मुलीने बूट परत आणून दिले. मित्राला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "आई आता मी किती मोठी झाल्यावर येणार?" यशोदाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इस्त्री चालू ठेवली.

मी युनियनच्या ऑफिसात बसून होतो. पोरं म्हणतात, गेटवर धरणं धरू. मी हो म्हणालो. लक्ष नव्हतं.

२४ एप्रिल, रविवार

हे नीट लिहायला पाहिजे.

दुपारी जेवणं झाल्यावर यशोदा चटईवर आडवी झाली होती, डोळा लागला होता. मी पलीकडे कोर्टाचे कागद लावत होतो. मित्रा पाटीवर चित्रं काढत होती. बाहेर कुल्फीवाला आला आणि त्याने घंटा वाजवली. नेहमीची घंटा.

यशोदा झोपेतून ताडकन उठली. डोळे उघडे, पण जागी नव्हती. पदर सारखा केला, हात मागे बांधले, भिंतीशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "येस मॅडम. सॉरी मॅडम." पुन्हा घंटा वाजली. पुन्हा "सॉरी मॅडम." तोंड खाली, डोळे जमिनीवर.

मित्राला वाटलं खेळ आहे. ती पण शेजारी हात मागे बांधून उभी राहिली आणि "सॉरी मॅडम" म्हणाली. हसली.

ते उभं राहणं मला ओळखीचं आहे. रात्रपाळी सुटल्यावर गेटवर झडती घेतात तेव्हा नवीन पोरं अशीच उभी राहतात. खिसे उलटे काढून, जमिनीकडे बघत. ते थांबवायला तर मी युनियन उभी केली. पहिलं पत्रक त्यावरच होतं, मीच लिहिलं होतं.

मी उठून मित्राला बाजूला घेतलं. यशोदाच्या दंडाला हात लावला तशी ती शहारून जागी झाली. "काय झालं? कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. कुल्फीवाला आहे."

तिने माझ्याकडे, मित्राकडे पाहिलं आणि तिला कळलं असावं. तोंडावर पाणी मारायला गेली. इतका राग मला कंपनीचासुद्धा कधी आला नव्हता, आणि कोणाचा आला होता ते इथे लिहिताना पेन थांबतंय.

संध्याकाळी म्हणालो, "नको जाऊस."

२५ एप्रिल, सोमवार

मला वाटलं होतं ती रडेल, निदान बरं म्हणेल. ती भडकली. इतकी भडकलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आता नको म्हणता? मी चार दिवस मन घट्ट करत होते त्याचं काय? मित्राला सांगून झालं, ट्रंक भरून झाली. जा म्हटलं की जायचं, नको म्हटलं की थांबायचं? मी काय पार्सल आहे पोस्टाचं? तिकडे बेल वाजली की उठायचं, इकडे तुम्ही बोललात की बसायचं!"

"मग जा," मी ओरडलो.

"ते मी ठरवेन!"

आईने मित्राला उचललं आणि लताबाईंकडे जाऊन बसली. आम्ही दोघं दोन खोल्यांच्या घरात मन मानेल तेवढं ओरडलो. तिने मला चार वर्षांचं ऐकवलं. मी मध्ये मध्ये उत्तरं देत होतो, मुद्दा एक, मुद्दा दोन. एकदा ती म्हणाली, "मुद्दे घालू नका हो!" आणि हातातलं फुलपात्र भिंतीवर फेकलं. पोचा आला. भिंतीलाही.

मग दोघंही दमलो. चहा तिने केला. मी केला नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.

२६ एप्रिल

सकाळी ती म्हणाली, "मी जात नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. मला जायचं नाही म्हणून." एजंटाकडे स्वतः गेली. मी यायला निघालो तर म्हणाली, "तुम्ही तिथे भांडाल. घरी थांबा." थांबलो. एजंटाने काय कापून घेतलं ते मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

३० एप्रिल, शनिवार

आज तिकडची तारीख संपली. मला राहून राहून राग येत होता. कधी तिचा, कधी कंपनीचा, कधी उगाच शेजारच्या रेडिओचा. राग गेला असं मी लिहिणार नाही. पुढच्या महिन्याचं काय, हा प्रश्न सकाळी उठलो की माझ्याआधी उठून बसलेला असतो. गॅरेजमध्ये लेथवर कोणी अर्धवेळ घेतो का, ते विचारून आलो. एकाने ओळखलं, "तुम्ही युनियनवाले ना?" आणि नंतर या म्हणाला.

११ मे, बुधवार

यशोदा त्र्यंबकच्या एका छोट्या प्रसूतिगृहात लागली. पगार तिकडच्याच्या पासंगालाही पुरत नाही. पहाटेच्या एस.टी.ने जाते, दुपारनंतर येते. मित्राच्या वेण्या आता मी घालतो. एक वर, एक खाली होते. मित्रा तशीच मिरवते आणि लताबाई हसतात. हसू देत.

आज ती आली तेव्हा मी चहा टाकला होता. साखर जास्त झाली. तरी सगळा प्यायली. मी विचारलं, "आज काय झालं तिथे?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारतोय का म्हणून. मग सांगायला लागली. भागीबाई नावाची बाई डोंगरातल्या पाड्यावरून रात्रभर कळा सोसत चालत आली. नवरा भिका कंदील घेऊन पुढे, ही मागे. टेबलावर चढेना. म्हणाली, "आधी तुजा नाव सांग, मंग हात लाव." यशोदाने नाव सांगितलं. मग पूर्ण वेळ तिने यशोदाचा हात धरून ठेवला आणि ओरडायचं तेव्हा नावानेच ओरडली, यशोदा गं, यशोदा गं. मुलगा झाला.

"तिकडे चार वर्षांत मला कोणी नाव विचारलं नाही," यशोदा म्हणाली. "सिस्टर. नाहीतर बेल."

मला लगेच म्हणायचं होतं की हे बघ, हा संघटनेचा प्रश्न आहे, तिथे तुम्ही नर्सेसनी एकत्र यायला हवं होतं. वाक्य तयार होतं तोंडात. कप तोंडाला लावला आणि गिळलं.

ती बोलत राहिली. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. विमानतळावर पासपोर्ट काढून घेतला तिथपासून. मॅडमची खोली, रात्रीची बेल, वॉर्डातली ती लहान मुलगी जी हिला सोडायचीच नाही. ऊन भिंतीवरून खाली आलं. मित्रा येऊन तिच्या मांडीवर झोपली. आई जात्यावर हात टेकून ऐकत बसली. मध्येच ती थांबली, बाहेर बघत राहिली. मला वाटलं आता उठेल आणि भाकरीला लागेल.

मी म्हणालो, "पुढे?"